नानांच्या टेबलासाठी वायरलेस की-बोर्ड आणि माऊस सुचवा (बजेट तीन हजार)

अंगणवेल | ४ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इथे वाचनमात्र असते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे आठेक वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. तो वापरतात मुख्यतः माझे सासरे, नाना. वय ७६, पोस्टातून निवृत्त. सकाळी चहा झाला की टेबलाशी बसतात ते सासूबाई अंघोळीसाठी तिसरी हाक मारेपर्यंत. सोसायटीचं इतिवृत्त, महापालिकेला अर्ज, आणि गेली तीन वर्षं आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत. (आडनाव विचारू नका, तिसऱ्या शाखेचे लोक इथेही असतील आणि त्यांची वंशावळ अजून आलेली नाही.)

अडचण अशी की माऊसची वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते. फरशी पुसताना ती हमखास फडक्यात अडकते, आणि धाकटा तिला धरून आगगाडी खेळतो. माऊसही हल्ली उड्या मारतो. नाना बाण 'फाईल'वर नेतात, तो जातो भलतीकडेच. की-बोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत, पण त्याचं नानांना काही नाही.

नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही वायरलेस घेऊन टाकू, टेबल मोकळं होईल. बजेट तीन हजार. कोणता सेट घ्यावा? आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो, ऑनलाइन किंवा दुकान, काहीही चालेल.

वाघोलीकर | ४ जुलै, रात्री १०:३१

एवढा विचार कशाला? दीड-दोन हजारांत चांगल्या कंपनीचा कॉम्बो मिळतो. एकच डोंगल (यूएसबीत खोचायचा नखाएवढा तुकडा), की-बोर्ड आणि माऊस दोन्ही त्यावर. लावला की चालू. माझ्याकडे ऑफिसच्या कामाला तोच आहे, चार वर्षं झाली, दोनदा सेल बदलले असतील. उद्या ऑर्डर करा, परवा दारात.

डोंबलाचं | ४ जुलै, रात्री ११:०५

वायर फडक्यात अडकते म्हणून दोन हजार? टेबलाच्या पायाला वायर दोरीने बांधा. दोरी घरात असेलच, नसेल तर दहा रुपयांत येते. उरलेल्या पैशांत कुळवृत्तांत छापा.

तारतम्य | ५ जुलै, सकाळी ७:४८

अंगणवेल ताई, मॉडेल सुचवायच्या आधी चार गोष्टी विचारतो. पेठेत बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. "सेट सुचवा" म्हणणाऱ्या दहातल्या सात जणांची अडचण सेटची नसतेच.

एक, टेबलावर काच आहे का? दोन, कॅबिनेट कुठे ठेवलंय, टेबलाखाली की वर? तीन, नाना मराठी कसं टाइप करतात? इंग्रजी अक्षरांवरून की मराठी की-बोर्डवरून? आणि चार, दिवसाला साधारण किती टाइप करतात?

तोवर डोंगल आणि ब्लूटूथचं सांगून ठेवतो, कारण दुकानदार त्यावरूनच गोंधळ घालतात. दोन्ही चालतात २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात, म्हणजे तुमचा वायफाय जिथे असतो तिथेच. फरक जोडणीत आहे. डोंगलवाला सेट कारखान्यातूनच आपल्या डोंगलशी लग्न लावून येतो. तो यूएसबीत खोचला की कॉम्प्युटरला वाटतं साधा वायरचा की-बोर्ड लागला. त्यामुळे मशीन चालू होताना बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जायचं असेल, विंडोज नव्याने टाकायचं असेल, तरी तो चालतो. ब्लूटूथचा बहुतेक वेळा विंडोज उभं राहिल्यावरच जागा होतो. शिवाय तुमचं मशीन असेंबल केलेलं आणि जुनं, त्यात ब्लूटूथ असण्याची शक्यता कमीच. लॅपटॉप, टॅब, मोबाईल असं तिन्हीवर एकच की-बोर्ड फिरवायचा असेल तर ब्लूटूथला तोड नाही. नानांना तसं काही नसेल तर डोंगलच बरा.

अंगणवेल | ५ जुलै, दुपारी २:२०

तारतम्य दादा, अगदी डॉक्टरांसारखे प्रश्न विचारलेत!

काच आहे. तिच्याखाली नानांच्या बदलीच्या गावांचे फोटो, एक जुनं पोस्टकार्ड, आणि वीजबिल भरायच्या तारखा. काच काढायची नाही असा दंडक आहे. कॅबिनेट टेबलाखाली, अगदी भिंतीला टेकून.

टायपिंगचं विचारल्यावर नानांनी मला अर्धा तास बसवून घेतलं. त्यांनी नोकरीत असताना गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर परीक्षा दिली होती. विंडोजमध्ये टाइपरायटरसारखीच, रेमिंग्टन पद्धत टाकून घेतलीय आणि त्यावरच टाइप करतात, खाली न बघता. रोज तीन-चार पानं. आज मुद्दाम शेजारी उभी राहून बघितलं. पाठ ताठ, मनगटं हवेत, आणि प्रत्येक बोट वरून पडतं. माझी बोटं की-बोर्डवर सरपटतात हो, त्यांची पडतात.

तारतम्य | ५ जुलै, दुपारी ३:०२

माऊसच्या उड्या काचेमुळे. माऊसच्या पोटात एक दिवा आणि एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारांनी फोटो काढतो आणि आधीच्या फोटोपेक्षा नंतरचा किती सरकला ते मोजतो. काचेवर धरायला खूण नाही, प्रकाश आरपार जातो, मग तो खालच्या फोटोंवरून आणि पोस्टकार्डावरून अंदाज बांधत बसतो. काचेवर चालणारे माऊस आहेत. लॉजिटेकने २००९ साली डार्कफील्ड नावाचा सेन्सर काढला, त्यालाही काच किमान चार मिलिमीटर जाड लागते, आणि तो त्यांच्या महागड्या माऊसमध्येच येतो. त्यापेक्षा काचेवर पुठ्ठा ठेवा. आत्ताच ठेवून बघा आणि सांगा.

अंगणवेल | ५ जुलै, दुपारी ३:१९

लग्नपत्रिका ठेवून बघितली. उड्या बंद!! जुनाच माऊस, सुतासारखा सरळ चालतोय.

डोंबलाचं | ५ जुलै, दुपारी ३:४०

बघा. दोरी आणि पत्रिका. खर्च दहा रुपये.

शिस्तीतली_शेंडी | ५ जुलै, संध्याकाळी ६:१५

मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एकवीस वर्षं शिकवलं, टकटक मशीनवरही आणि कॉम्प्युटरवरची परीक्षा आल्यानंतरही. त्यामुळे नानांच्या बोटांबद्दल हक्काने बोलते.

टाइपरायटरवर शिकलेला माणूस बटण, म्हणजे की, दाबत नाही, मारतो. मशीनवर दांडा उचलून फितीवर आपटायचा, त्याला जोर लागायचा, आणि दांडा परत आला की बोटाला कळायचं की अक्षर उमटलं. ती सवय आयुष्यभर जात नाही. अशा माणसाला हल्लीचा बिस्किटासारखा चपटा की-बोर्ड दिला तर दोन गोष्टी होतात. की दीड-दोन मिलिमीटरच खाली जाते, बोट तळावर आपटतं, आणि तासाभरात बोटांची टोकं दुखायला लागतात. दुसरं म्हणजे कुठे अक्षर उमटलं आणि कुठे नाही ते बोटाला कळत नाही, म्हणून डोळे पडद्यावर खिळतात. टायपिस्टचे डोळे कागदावर हवेत. आमच्याकडे निवृत्तीनंतर हौसेने येणारे बरेच जण होते, त्यांची तक्रार हीच असायची, "बाई, याला खोली नाही."

की-बोर्डचे प्रकार ढोबळमानाने तीन. रबराच्या पातळ चादरीवर बसवलेले, म्हणजे मेंब्रेन. स्वस्त कॉम्बोत बहुतेक हेच. त्यांतले उंच बटणांचे बरे, की साडेतीन-चार मिलिमीटर खाली जाते, पण वर्ष-दोन वर्षांत रबर बसकं होतं. दुसरे कात्रीसारख्या दांड्यांचे, लॅपटॉपवर असतात ते. तिसरे मेकॅनिकल. यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. चेरी कंपनीचे निळे स्विच घेतले तर की चार मिलिमीटर जाते, साधारण निम्म्या वाटेवर 'टिक' होतं आणि तिथेच अक्षर उमटतं. तळापर्यंत जायची गरजच नाही. टाइपरायटरच्या सर्वांत जवळचं हेच. आपल्याकडे बँकांत, काउंटरवर जो कडकड वाजणारा जाड की-बोर्ड असायचा, टीव्हीएस गोल्ड, तो याच जातीचा. त्याच्या एका आवृत्तीवर देवनागरी अक्षरं आणि रुपयाचं चिन्हही छापलेलं येतं. पण ती अक्षरं इन्स्क्रिप्टची, म्हणजे वेगळ्याच मांडणीची. नाना रेमिंग्टनवाले, त्यांनी बटणांकडे पाहिलं तर उलट गोंधळ व्हायचा. बघत नाहीत तेच बरं.

तो वायरचा आहे, हे कबूल. पण की-बोर्ड काही टेबलभर फिरत नाही. त्याची वायर मागच्या मागे जाते. फडक्यात अडकते ती माऊसची.

पुठ्ठ्याचाडबा | ५ जुलै, संध्याकाळी ७:०१

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे, शेंडीबाई. सहमत.

वाघोलीकर | ५ जुलै, रात्री ९:१०

मेकॅनिकल वायरलेसही मिळतात, त्यात ब्लूटूथ, डोंगल आणि वायर तिन्ही असतं. पण तीन हजारांत की-बोर्डच घेता येईल, माऊस नाही. आणि बहुतेक छोट्या आकाराचे, नंबर पॅड नसलेले. कुळवृत्तांतात जन्म-मृत्यूच्या सनावळ्या असतील, नानांना नंबर पॅड लागेल.

एक शंका. वायरलेस की-बोर्डवर नेटबँकिंगचा पासवर्ड टाकणं सुरक्षित आहे का? कोणी शेजारून ऐकू शकतं म्हणे.

तारतम्य | ५ जुलै, रात्री ९:५५

२०१६ साली अमेरिकेतल्या बॅस्टिल या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी दाखवून दिलं होतं की अनेक कंपन्यांच्या डोंगलला दुरूनच खोटी बटणं दाबल्याचं भासवता येतं. माऊसजॅक असं नाव दिलं त्याला. माऊसचा संदेश बहुधा कुलूपबंद नसायचा, त्याचा फायदा घेतला होता. त्यानंतर काही कंपन्यांनी डोंगलचं सॉफ्टवेअर सुधारलं. नामांकित कंपन्यांचे की-बोर्ड आपला संदेश एईएस नावाच्या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद करूनच पाठवतात, ते डब्यावर लिहिलेलं असतं. ज्या डब्यावर कंपनीचा पत्ताही धड नाही, असा साडेचारशेचा सेट बँकेच्या कामाला घेऊ नये. बाकी कर्वेनगरात नानांच्या खिडकीखाली कोणी अँटेना घेऊन बसणार नाही. आपल्याकडे पासवर्ड जातात ते फोनवर गोड बोलणाऱ्यांकडे.

लॉजिटेकचं घेणार असाल तर डोंगलवरची खूण बघा. नारिंगी फुलीसारखी खूण म्हणजे युनिफाइंग. एका डोंगलवर सहा वस्तू चालतात आणि तो हरवला तर वेगळा विकत मिळतो. २०२१ पासून बोल्ट नावाचा नवा आलाय. युनिफाइंगचा माऊस बोल्टवर चालत नाही, उलटही नाही. आणि स्वस्त सेटचा डोंगल बहुधा या दोन्हींपैकी नसतो, तो हरवला की सेट शोभेचा.

पुठ्ठ्याचाडबा | ५ जुलै, रात्री १०:२०

हरवण्यावरून. मी तर डोंगल हरवला असं समजून अख्खा डबाच रद्दीत घातलाय. नवा माऊस आणला, डबा उघडला, डोंगल कुठेच नाही. दुकानदाराला फोन करून चांगलं सुनावलं. डबा फेकला. दुसऱ्या दिवशी सेल घालायला माऊसचं झाकण काढलं तर सेलच्या शेजारच्या खाचेत तो नखाएवढा डोंगल निवांत बसलेला. फेकलं काय होतं? डब्याबरोबर गॅरंटीचा कागद.

मग रद्दीवाल्याकडे जाऊन शोधलं. नाही सापडला. माझा आयडी त्यावरूनच.

रेघोट्या | ६ जुलै, सकाळी ११:३३

मी डावखुरी आहे म्हणून माऊसबद्दल दोन ओळी. नानांचा उजवा हात की डावा? हल्ली अंगठ्यासाठी खोलगट बाक असलेले माऊस छान दिसतात, पण ते उजव्याच हाताचे. घरात एक जरी डावखुरा असेल तर दोन्हीकडून सारखा असलेला घ्या, विंडोजमध्ये बटणं उलटी करता येतात.

आणि वयस्कर माणसांसाठी: माऊस फार छोटा घेऊ नका. प्रवासाचे म्हणून विकतात ते लिंबाएवढे असतात, हाताची मूठ वळून राहते. तळवा टेकला पाहिजे. माझ्या आईसाठी मी तीन गोष्टी केल्या. बाण मोठा केला, डबल क्लिकचा वेग कमी केला, आणि कंट्रोल दाबलं की बाणाभोवती वर्तुळ उमटेल अशी सोय चालू केली. तिन्ही विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये फुकट मिळतात. "बाण कुठे गेला गं" ही हाक बंद झाली.

सेलसम्राट | ६ जुलै, दुपारी १२:४०

सेलचं कोणी बोलेना म्हणून मी. रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त पेन्सिल सेल यात घालू नका. संपल्यावर पडून राहिले की पाझरतात आणि आतली पत्री हिरवीगार होते. माझा एक की-बोर्ड असाच गेला, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसूनही उपयोग झाला नाही. अल्कलाइन घ्या, तेही संपले की काढून टाका. चार्जिंगचे चालतात, पण ते १.२ व्होल्टचे आणि साधे १.५ चे, त्यामुळे काही सेट भरल्या सेलवरही "बॅटरी कमी" म्हणून कण्हत राहतात. घाबरू नका.

सेल किती टिकतो ते डब्यावर माऊसला एक वर्ष आणि की-बोर्डला दोन-तीन वर्षं असं लिहितात. त्यासाठीच बऱ्याच वायरलेस की-बोर्डवर कॅप्स लॉकचा दिवाही नसतो, वीज वाचवायला. पासवर्ड तीनदा चुकून बँकेचं खातं लॉक झाल्यावर मला ते कळलं.

डोंबलाचं | ६ जुलै, दुपारी १:०२

दिवा नाही, वायर नाही, खोली नाही. आणि दोन हजार घेतात.

अंगणवेल | ९ जुलै, रात्री ९:४७

मंडळी, एक कबुली द्यायची आहे. तुमची चर्चा रंगात आली होती तेव्हाच आमच्या चिरंजीवांच्या वडिलांनी ऑफिसातून परस्पर कॉम्बो मागवून टाकला. परवा आला. दिसायला देखणा, चपटा, काळा.

नानांनी एक पान टाइप केलं. मी वाचून दाखवलं. 'गोपाळ' चा 'गोळ' झालेला, 'त्र्यंबक' मधला कोण कुठे गेला पत्ता नाही. पणजोबांच्या नावातलंच अक्षर उडालं म्हटल्यावर नानांनी चष्मा काढून ठेवला. काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत की घरात सगळे हळू चालतात.

अक्षरं गळतात आणि माऊसही मध्येच थबकतो. पत्रिका ठेवूनही.

तारतम्य | ९ जुलै, रात्री १०:०८

डोंगल कुठे खोचलाय? मागे ना? आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह?

अंगणवेल | ९ जुलै, रात्री १०:१५

मागे, निळ्या रंगाच्या खाचेत. शेजारी हार्ड डिस्क, नाना रोज कुळवृत्तांताची प्रत काढून ठेवतात त्यावर. तुम्हाला कसं कळलं?

तारतम्य | ९ जुलै, रात्री १०:३४

निळी खाच म्हणजे यूएसबी ३. त्यातून माहिती वाहायला लागली की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो. इंटेलनेच २०१२ साली यावर टिपण काढलं होतं. डोंगल त्या गोंगाटाच्या कुशीत, वर कॅबिनेटचा पत्रा मध्ये, मागे भिंत. नाना हाक मारताहेत आणि डोंगल वरातीत उभा आहे, अशी अवस्था.

उपाय साधा. यूएसबीची एक्स्टेंशन वायर घ्या, हातभर पुरते, शंभर-दीडशेला येते. डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर आणा. वायर नसेल तर निदान पुढच्या काळ्या खाचेत लावा, हार्ड डिस्कपासून लांब. राउटर शेजारी असेल तर घरातले फोन ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

डोंबलाचं | ९ जुलै, रात्री १०:३६

म्हणजे वायरलेस चालावा म्हणून वायर आणायची. हे मला आवडलं.

अंगणवेल | ११ जुलै, सकाळी ८:५०

वायर आणली, डोंगल आता पोस्टकार्डाच्या वरच्या कोपऱ्यात बसलाय. माऊस झकास. अक्षरं गळणंही जवळजवळ थांबलं. तरी नाना खूश नाहीत. "चालतो गं, पण बोटांना कळत नाही." शेंडीबाई, तुमची आठवण आली.

उद्या त्यांना घेऊन बुधवार पेठेत दुकानांत जाते. ऑनलाइन परत करायची मुदत तोवर संपतेय, पण ते नंतर बघू.

पुठ्ठ्याचाडबा | ११ जुलै, सकाळी ९:३०

गाडी नेऊ नका, लावायला जागा मिळणार नाही. नळस्टॉपला मेट्रोत बसा, सिव्हिल कोर्टला गाडी बदला, मंडईला उतरा. तिथून तपकीर गल्ली चालत. भाव ऑनलाइनचा मोबाईलवर दाखवायचा आणि जीएसटीचं बिल मागायचंच. माझा एका मोठ्या कंपनीचा माऊस अकराव्या महिन्यात एका क्लिकला दोनदा उघडायला लागला, म्हणजे आतला बारीक स्विच झिजला. बिल होतं म्हणून बदलून मिळाला, तेही ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर.

अंगणवेल | १२ जुलै, रात्री १०:५८

जाऊन आलो. थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या दोन दुकानांत डबा उघडून दाखवायला तयार नव्हते. तिसऱ्या दुकानात काउंटरवर तीन-चार की-बोर्ड जोडून ठेवलेले होते. नानांनी पिशवीतून कागद काढला. स्वतःच्या हस्ताक्षरातलं कुळवृत्तांताचं अर्धं पान. तो काउंटरवर उभा धरायला मला सांगितलं, आणि उभ्यानेच टाइप करायला लागले. दुकानातल्या पोराने विचारलं, "आजोबा, मराठी नाही आहे यात." नाना म्हणाले, "पडद्यावर काय येतंय ते मला बघायचंच नाहीये." पडद्यावर इंग्रजीत नुसती खिचडी उमटत होती. नाना डोळे मिटून, मान थोडी कलती करून, ऐकत होते.

पहिला, तीन ओळी, नको. दुसरा, एक ओळ, नको. तिसऱ्यावर, वायरचा, जाड, निळ्या स्विचचा, अर्धं पान संपलं तरी थांबले नाहीत. कडकड कडकड. शेजारी चार्जर घेणारा एक माणूस वळून बघत राहिला. मग नाना थांबले, उजव्या हाताची तर्जनी 'जे'वरच्या उंचवट्यावर ठेवली, डाव्या हाताची 'एफ'वरच्या, आणि म्हणाले, "हा घे."

तीन हजारांत बसला, थोडे उरले. त्यात मंडईत सासूबाईंसाठी जांभळं घेतली.

आता टेबलावर: वायरचा की-बोर्ड, वायर मागून खाली, दोरीने बांधलेली (डोंबलाचं यांचे आभार). कॉम्बोतला वायरलेस माऊस, कुळवृत्तांताच्या जुन्या आवृत्तीच्या पुठ्ठ्यावर. फडकं मोकळं, आगगाडी बंद. कॉम्बोतला की-बोर्ड माझ्या कपाटात.

शिस्तीतली_शेंडी | १२ जुलै, रात्री ११:२०

कागद बरोबर घेऊन गेले! याला म्हणतात टायपिस्ट. माझा नमस्कार सांगा त्यांना. की-बोर्डच्या मागचे पाय मात्र मिटवूनच ठेवा, उभे केले की मनगट वर मुडपतं. आणि कोपर काटकोनात येईल इतकी खुर्ची उंच.

रेघोट्या | १३ जुलै, सकाळी १०:०४

तो कपाटातला की-बोर्ड मला विकाल का? टीव्हीला लावायला हवा होता.

तारतम्य | १३ जुलै, सकाळी १०:२२

नाही जमणार रेघोट्या ताई. कॉम्बोचा डोंगल एकच, तो माऊससाठी नानांच्या टेबलावर. की-बोर्ड एकटा नेला तर काही उपयोग नाही.

अंगणवेल | १९ जुलै, सकाळी ७:१५

तातडीचं आहे. आज पहाटे नानांनी मशीन चालू केलं, फाईल उघडली, चहा घ्यायला आत गेले. परत येऊन बघतात तर अकराव्या पिढीच्या खाली 'ससससससस' अशी चार पानं आपोआप भरलेली, आणि भरतच चाललेली. नवा की-बोर्ड काढून ठेवला तरी थांबेना. नाना म्हणतायत व्हायरस. सासूबाई म्हणतायत तिसऱ्या शाखेचं काम.

तारतम्य | १९ जुलै, सकाळी ७:१९

कपाट त्याच खोलीत आहे का? आणि की-बोर्डवर काय ठेवलंय?

अंगणवेल | १९ जुलै, सकाळी ७:२६

अय्या. काल रात्री इस्त्रीच्या साड्यांची चवड ठेवली त्याच्यावर.

तारतम्य | १९ जुलै, सकाळी ७:२७

पाठीमागे बटण असेल, ते बंद करा. सेलही काढून ठेवा, नाहीतर सेलसम्राट म्हणतात तसं व्हायचं. मग कंट्रोल आणि झेड, सगळे स जातील.

अंगणवेल | १९ जुलै, सकाळी ७:४१

गेले. नाना पुन्हा बसलेत. कडकड चालू आहे.